खांब क्रमांक तीन

पहाटे पावणेचारला उशाखाली फोन थरथरला.
खांब तीन : विरघळलेला प्राणवायू दोन पूर्णांक एक.
मी कर्वेनगरात, मे महिना, पंखा पाचावर.
तळं वीसेक किलोमीटरवर, कवडीपाटाच्या खालच्या अंगाला,
नदीनं वळताना मागे सोडलेलं,
विसरलेल्या छत्रीसारखं.

सहा खांब रोवलेत आम्ही त्यात.
दर पंधरा मिनिटांनी ते पाणी चाखतात
आणि मला कळवतात ताप, आंबटपणा, गढूळपणा, पातळी.
घरातल्या कुणाचं मी इतकं ऐकत नाही.
दोन वर्षांत पाण्यातून शहर वाचायला शिकले :
रविवारी दुपारी साबण येतो,
दिवाळीआधी आठवडाभर रंगाच्या डब्यांचं पाणी,
आणि अमावास्येच्या आसपास कुणीतरी
टँकरची तोटी नदीकडे वळवतं.
त्याचा आलेख माझ्याकडे आहे.
नाव नाही.

दोन पूर्णांक एक म्हणजे
मरळ तगेल, ती वर येऊन हवा गिळते.
बाकीचे तोंडं वर काढून उभे असतील,
रॉकेलच्या रांगेत उभं राहावं तसे.

उपाय माझ्या अंगठ्याखाली आहे.
वरच्या दगडखाणीत साठवलेलं पाणी,
त्याची झडप आता फोनवरून उघडते.
साठ टक्क्यांवर बोट नेलं,
तेवढ्यात सर्जेराव मल्लावांचा फोन.

"म्याडम, जाग्या हाय का?
पान्याला वास सुटलाय.
झडप सोडनार आसाल तर चार बोटंच सोडा.
तीन नंबरच्या खांबाला खेटून
शेकाट्यानं अंडी घातलीत. चार.
चिखलावरच. टेकाड वीतभर बी न्हाई."

माझ्या पडद्यावर अंडी नव्हती.
पातळी होती, सेंटिमीटरमध्ये.
चार बोटं म्हणजे किती, मी विचारलं.
"माजी," ते म्हणाले.

अकरा टक्के उघडली. अंदाजानं.
त्यांनी फोन तसाच चालू खिशात टाकला
आणि मला पाणी ऐकू आलं,
नुसतं पाणी, एककाशिवाय.
मग खोकला. मग त्या पक्ष्याची टोचरी किक-किक-किक.

तुम्ही आत कशाला उतरलात?

"गुडघ्याखाली वण हाय माज्या, गळ घुसला व्हता ल्हानपनी.
पानी तितं आलं की सांगतो. मंग बंद करा."

दोन पूर्णांक तीन.
दोन पूर्णांक दोन.
खांबांच्या बॅटऱ्या वेळेवर बदलल्या जातात,
मल्लावांचा पगार मार्चपासून अडकलाय.
हे मला त्या वेळी का आठवावं?
दोन पूर्णांक आठ.

आता काय करतेय ती?

"खडं आनतीया. शंख, काड्या, काय घावंल ते.
अंड्यांखाली सारतीया येकेक.
पानी चढंल तसं घर वर घेतीया."
मग बराच वेळ काही नाही.
"नर बी आला. त्यो नुस्ता बघतोय."

पाच वीसला म्हणाले, "बास."
मी बंद केली.
तिकडे उजाडत असावं, कारण त्यांच्या खिशात
हळदीकुंकू बदकांचा गलका सुरू झाला
आणि मला माझ्या खिडकीबाहेर
दूधवाल्याची स्कूटर.

दुपारी अहवाल भरायला बसले.
तीन पूर्णांक नऊ, सगळं हिरवं.
फक्त एका जागी लाल :
खांब तीन, सव्वाचार ते साडेपाच,
गढूळपणा तिसावरून थेट चारशेला.
खाली प्रश्न : नोंद अविश्वसनीय. वगळायची?

पातळी नऊ सेंटिमीटरनं वाढली, हे खांबानं टिपलं.
घरटं किती वाढलं, ते विचारायला रकाना नाही.

"राहू द्या" वर टिचकी मारली.
कारण लिहा, म्हणालं.
तिथे मी लिहिलं :
पाय.